अडकलो तर कुठं थांबायचं

आमच्या अल्लीपुरात डोंगर नाही. उंचावर चढायचं म्हटलं तर पाण्याची टाकी आहे, तिला लोखंडी जिना आहे, आणि त्या जिन्यावर चढायला मनाई आहे. अशा गावातून निघालेल्या तीन माणसांनी यंदा सप्टेंबरात लाहौलमधल्या एका बिनवाटेच्या खोऱ्यात, पाठीवर तंबू आणि शिधा घेऊन, दोन खिंडी ओलांडून फेरा पूर्ण केला. वाटाड्या नव्हता, खेचर नव्हतं, शिट्टी वाजवणारा कंपनीचा माणूस नव्हता. बेत माझा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्या बेतातली एक मोठी चूकही सांगायची आहे आणि तीही माझीच आहे.

खोऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथं अजून बिस्किटाचं एक वेष्टनसुद्धा पडलेलं दिसलं नाही, ते तसंच राहू दे.

मी हिंगणघाटला मोजणी खात्यात भूकरमापक आहे. दोन भावांचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण झालं की यंत्र घेऊन वावरात जाते ती बाई मीच. घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. भूगोल घेऊन बी.ए. केलं तेव्हा शेजारच्यांनी विचारलं होतं, भूगोल शिकून कुठं जायचं आहे? तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे.

बरोबर दोघं होती. एक माझी आई, कमलाबाई. वय पन्नासच्या पुढं, आयुष्यभर कापूस वेचला, निंदण केलं, आणि मागच्या वर्षी मी तिला पायवाटेच्या एका सोप्या ट्रेकला नेलं तेव्हा वीस जणांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढं चालली. दुसरे प्रकाशभाऊ, आमच्या कार्यालयातले शिपाई. मी यंत्राच्या मागं उभी असते तेव्हा समोर काठी धरून उभे असतात ते. त्यांच्याएवढं उन्हात उभं राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही.

मातीचा डोंगर

बेताची सुरुवात नकाशापासून झाली. नकाशात सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा असतात. आमच्या तालुक्याच्या नकाशात अशी एक रेष निघाली की दुसरी भेटेपर्यंत तीन-चार गावं मागं पडतात. या खोऱ्याच्या नकाशात मात्र रेषा एकमेकींना खेटून होत्या. आईनं कागद हातात घेतला आणि म्हणाली, “हे काय, कोणाचे केस विंचरून ठेवले काय?”

मला रेषा वाचता येत होत्या, पण ते चढ-उतार पायांना समजावून कसे सांगणार? म्हणून आम्ही जुन्या दाराच्या फळीवर ते खोरं मातीनं घडवलं. मी पुठ्ठ्याचे थर कापून एकावर एक चिकटवले आणि आईनं वरून काळी माती लिंपली. तिला हे काम नवीन नाही, अर्ध्या मोहल्ल्याच्या चुली तिच्या हातच्या आहेत. दोन दिवसांत अंगणात दोन खिंडी, एक हिमनदी आणि तिच्यातून निघणारा नाला तयार झाला. मी जाण्या-येण्याची रेघ खडूनं काढली.

तिसऱ्या दिवशी माती वाळली आणि आमच्या काळ्या मातीनं जे करायचं ते केलं. संध्याकाळी प्रकाशभाऊ आले, फळीभोवती फिरले आणि एका जागी बोट ठेवून म्हणाले, “मॅडम, या घळीतून गेलो तं अर्धा दिवस वाचते.”

“भाऊ, घळ नोहे थे. भेग हाये.”

“मंग बुजवून टाका ना बाप्पा. माणूस भरवशानं घुसल तिच्यात.”

मग मी बेत कागदावर उतरवला. दर दिवसाला एक ओळ. कुठून कुठं, किती चढ, पाणी कुठं, तंबू कुठं, आणि मागं फिरायची वेळ. शेवटचा रकाना प्रकाशभाऊंनी घालायला लावला: अडकलो तर कुठं थांबायचं. त्याला कारण होतं. एका पावसाळ्यात मोजणीला गेलो असताना नाल्याला पूर आला आणि आम्ही यंत्रासकट पलीकडं राहिलो. आम्ही सुटायला एका गावाला गेलो, तिथून दुसऱ्या, आणि कार्यालयाची जीप आमच्या मागं तिसऱ्याच गावात फिरत राहिली. तेव्हापासून आमच्या दोघांचा नियम आहे. निघण्याआधी जागा सांगून ठेवायची आणि अडकलं की तिथंच बसायचं. शहाणपणा करून हलायचं नाही.

तिसऱ्या दिवसाच्या ओळीत नाला होता. तिथं मी लिहिलं: दुपारी तीनला नाला, आभाळ निरभ्र असेल तरच ओलांडायचा. ही अट घातल्याचा मला फार अभिमान वाटला होता.

ढेकळं

सराव आम्ही मे महिन्यात केला. पायवाट नसलेल्या डोंगरात धोंड्यांवरून चालायचं असतं, दर पावलाला पाय वेगळ्या कोनात पडतो. आमच्याकडं धोंडे नाहीत, पण नांगरलेल्या वावरात ढेकळं आहेत. उन्हानं तापून ती दगडासारखी होतात. सकाळी सहाला पाठीवर तुरीची पोतडी बांधून आम्ही आडवं-तिडवं चालत असू. बाबा हिंगणघाटला जिनिंगमध्ये हमाली करतात. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी पिशवी पाहून पट्टे सोडवले आणि परत बांधले. “वजन खांद्यावर नाई घेत. कमरेवर बसव त्याले,” म्हणाले. दुकानदारानं दाखवलं होतं त्यापेक्षा ते बरं बसलं.

रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून पाहायच्या.

“काय हरवलं व कमलाबाई वावरात?”

“काई नाई. हिमालय पाहून राह्यली.”

“सापडला काय?”

“सापडन ना. पाय तं लागले.”

शिधाही आईचाच. ती तूरडाळ घेऊन निघाली होती. तेवढ्या उंचीवर डाळ दिवसभर ठेवली तरी शिजत नाही हे सांगितल्यावर तिनं ती परत डब्यात ओतली. मग तिनं मूग भाजून भरडले, सातूचं पीठ केलं, गूळ किसला, जवसाची चटणी इतकी कोरडी केली की महिनाभर टिकावी. जेवण चार दिवसांचं आणि वर एक दिवस राखीव, असं माप ठरलं.

बाबा शेळ्यांसाठी घरी राहिले. निघताना मला एवढंच म्हणाले, “जाजो. पन सांगितल्या दिवशी येजो.”

अंगरूपजींचं घर

रेल्वे, बस आणि बोगदा यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, फक्त प्रकाशभाऊंना बोगद्याच्या अलीकडं पाऊस आणि पलीकडं कोरडं ऊन पाहून कुणीतरी पडदा ओढल्यासारखं वाटलं. शेवटच्या गावात आम्ही अंगरूपजींच्या घरी उतरलो. साठीचे, बुटके, बटाटा आणि वाटाणा पिकवणारे. गाव साडेदहा हजार फुटांवर, म्हणून हवा अंगवळणी पडावी यासाठी तिथं तीन दिवस राहायचं बेतातच होतं.

त्यांच्या घरात बुद्धमूर्ती होती, पुढं लोण्याचे दिवे आणि शेजारी फिरवायचं चक्र. आई दारातच थांबली. आमच्या विहारात सतरंजी असते, पंखा असतो, पौर्णिमेला पांढरे कपडे घालून सगळे बसतो. चक्र नसतं. ती मला हळूच म्हणाली, “आपलेच हायेत ना हे?” मी हो म्हटलं. मग तिनं मांडी घातली आणि आपल्या चालीत त्रिसरण म्हटलं. अंगरूपजींची म्हातारी आई चुलीपाशी बसली होती. तिला मराठी नाही, हिंदीही नाही. पण ‘बुद्धं’ आल्याबरोबर तिनं मान वर केली आणि दुसऱ्या वेळेला तिचे ओठ हलले. त्यानंतर तीन दिवस त्या दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलत राहिल्या आणि कुणालाच काही अडलं नाही. म्हातारीनं कुट्टूच्या पिठाची धिरडी केली, आईनं त्यावर जवसाची चटणी ठेवली. लोणी घातलेला खारट चहा मात्र प्रकाशभाऊंना जमला नाही. “चहा म्हणून नाई प्याचा, वरण म्हणून प्याचा,” अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

निघायच्या आदल्या दिवशी चौकीत नावं द्यायला गेलो. हवालदारानं वही उघडली. “गाइड कौन है?”

“मैं.”

“आप तो माताजी की बेटी हैं.”

“वो भी हूँ.”

त्यानं आईकडं पाहिलं, आईनं मान डोलावली. त्यानं लिहून घेतलं.

संध्याकाळी अंगरूपजींना बेताच्या कागदाची हिंदी प्रत दिली. त्यांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली. “इतना लिखके कौन जाता है?” आणि मग शेवटच्या रकान्यावर बोट, “ये क्या?”

“फँस गए तो कहाँ रुकेंगे, वो.”

ते हसले नाहीत. ठरलं असं: गुरुवारी सकाळी निघायचं, रविवारी सूर्य बुडेपर्यंत परत. नाही आलो तर त्यांनी कागद चौकीवर द्यायचा. कागद चौकीवर जाणं म्हणजे घरी फोन जाणं, कार्यालयाला कळणं, आणि अल्लीपूर-हिंगणघाट दोन्ही गावांनी म्हणणं की पोरगी आईला घेऊन मरायला गेली. हे सगळं मला माहीत होतं. तरी वेळ मीच लिहून दिली. बिनवाटेच्या जागी आपल्याला शोधायला कुणी कुठून यावं हे न सांगता जाणं मला बेजबाबदार वाटतं.

गुरुवार, शुक्रवार

पहिला दिवस गवताचा. मेंढ्या नुकत्याच खाली गेल्या होत्या आणि उतारावर त्यांच्या खुरांच्या बारीक रेघा होत्या. त्या संपल्या तिथं माणसाची खूणही संपली. तंबू टाकायच्या जागी पोचलो तेव्हा समोरच्या कड्यावर सात-आठ भरल, म्हणजे तिकडच्या निळसर रानमेंढ्या, आमच्याकडं पाहत उभ्या होत्या. प्रकाशभाऊ म्हणाले, “मॅडम, या मेंढ्यायची मोजणी झाली का?”

शुक्रवारी पहिली खिंड. शेवटचे दोन तास घसाऱ्यावर. घसारा म्हणजे उतारभर पसरलेले सुटे बारीक दगड, पाऊल टाकलं की पाय घसरतो. मी दोन पावलं चढत होते आणि एक खाली येत होते. आई मात्र तिरपी चालली होती, पाय आडवा रुतवून, थांबत नव्हती आणि घाईही नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “सरकीच्या ढिगावर चढली नाई काय तू लहानपनी? तशी चढ.” जिनिंगच्या आवारात सरकीचे डोंगर असतात, आम्ही पोरं त्यावर घसरत असू. मी पाय आडवा केला. जमलं.

वर पोचलो तेव्हा पंधरा हजार फुटांवर वारा होता आणि पलीकडं ते खोरं. घर नाही, मेंढी नाही, रेघ नाही. डाव्या हाताला हिमनदी, तिच्यातून निघणारा राखाडी नाला, आणि लांब समोर दुसरी खिंड, जिच्यातून परत गावाच्या बाजूला उतरायचं. मी नकाशा काढला नाही. गरजच नव्हती, सगळं ओळखीचं होतं. आई बराच वेळ पाहत राहिली आणि एका शिखराकडं बोट दाखवून म्हणाली, “थे टेकाड मी जरासं बुटकं केलं.”

शनिवार, दुपारी तीन

नाल्यावर आम्ही वेळेवर पोचलो. तीनला पाच मिनिटं कमी. आभाळ असं निळं की त्यात बोट बुडवावं. माझी अट पूर्ण होती. नाला ओलांडून तीन तास धोंड्यांवरून चालायचं आणि दुसऱ्या खिंडीच्या पायथ्याशी तंबू टाकायचा, म्हणजे रविवारी पहाटे चढायला मोकळे.

पाणी गुडघ्याच्या वर दिसत होतं. राखाडी, त्यामुळं तळ दिसत नव्हता. मी बूट सोडायला बसले. आई बसली नाही. ती पाण्याच्या काठाला गेली, पिशवीतून तंबूची एक खुंटी काढली आणि पाण्याला लागून वाळूत रोवली.

हे आमच्याकडं लहान पोरही करतं. पुराच्या नाल्याशी आलं की काठाला काडी रोवायची आणि पाहायचं, पूर चढून राह्यला का उतरून. पण ते पावसात. मी म्हटलं, “आई, आभाळ पाय ना. थेंब नाई कुठं.”

“पायलं. पाच मिनिटं बस.”

पाच मिनिटांत पाणी खुंटीच्या पलीकडं गेलं. दहा मिनिटांत खुंटीचं डोकं तेवढं दिसत होतं. आणि त्यात आता आवाज यायला लागला होता, खालून धोंडे गडगडत नेल्याचा.

“वरतं कुठं तरी पाऊस पडून राह्यला,” आई म्हणाली.

“मावशी, वरतं आता काई नाई,” प्रकाशभाऊ म्हणाले. “वरतं आपणच हावो.”

मी एका पायात बूट आणि एक पाय उघडा अशी हिमनदीकडं पाहत उभी होते. ती उन्हात चकाकत होती. सकाळपासून चकाकत होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पाऊस नाही, ऊनच पाणी पाडत होतं. जितकं आभाळ निरभ्र तितका बर्फ जास्त वितळणार, आणि दुपारी तीन म्हणजे भर पूर. माझी अट बरोबर उलटी होती. मी अख्खा नकाशा वाचला, उंची काढली, उतार काढला, आणि नाला मात्र आमच्या वणा नदीकाठच्या डोक्यानं ओलांडला.

पुढं अंगरूपजी म्हणाले की हे तिकडच्या प्रत्येकाला माहीत असतं, म्हणूनच कुणी सांगत नाही.

बूट परत चढवला. मी दोघांना सरळ सांगितलं, चूक माझी आहे, आज इथंच राहायचं, पहाटे ओलांडू. प्रकाशभाऊंनी तंबू उलगडायला घेतला. आईनं काठापासून वर सात दगड ओळीनं मांडले, मोजायला.

रविवार

पहाटे पाच वाजता सातही दगड कोरडे होते आणि पाणी त्यांच्याही बरंच खाली. हात एकमेकांच्या पट्ट्यात अडकवून आम्ही पलीकडं गेलो. पोटरीच्या वर पाणी आलं नाही. गार इतकं की पाय आपले नाहीत असं वाटलं. आईनं पलीकडं पोचल्यावर पायाला हात लावून खात्री करून घेतली.

पण धोंडे माझ्या हिशेबापेक्षा मोठे निघाले. तीन तासांचं अंतर सहा तासांचं झालं. खिंडीच्या पायथ्याशी एक मोठा सपाट धोंडा आहे, उपग्रहाच्या चित्रातही दिसतो. तिथं पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

आता सांगते तो प्रसंग मला या सगळ्या प्रवासात सर्वात कठीण गेला. खिंड डोक्यावर दिसत होती, अगदी जवळ. माझ्या कागदात लिहिलं होतं: पायथ्यापासून पहाटे पाचला निघायचं, अकराला माथा, दुपारी एकनंतर या चढावर राहायचं नाही. आता निघालो तर माथा पाचला. आणि संध्याकाळी सूर्य बुडाला की अंगरूपजी कागद घेऊन उठणार.

“मॅडम,” प्रकाशभाऊ म्हणाले, “भरभर गेलो तं चारले वर. पलीकडून गाव दिसते. बॅटरी दाखवू. नाई तं चौकीतून फोन जाईन. माही बायको फोन उचलन, आन् पोलीस बोलून राह्यला म्हनल्यावर पुढचं आयकनारच नाई.”

ते खोटं बोलत नव्हते. माझ्या डोळ्यापुढं बाबा होते. सांगितल्या दिवशी येजो. मी पिशवीचा पट्टा धरला. खरं सांगते, मी चढायचंच ठरवलं होतं. आमचं पाऊल धड होतं, हवा धड होती, आणि बरोबर वेळेत पोचल्याचा मान मला हवा होता.

आई धोंड्यावर बसून सातू कालवत होती. तिनं वर न पाहता विचारलं, “तुया कागदात काय लिवलं हाये या जागेचं?”

“एकच्या नंतर वरतं राहाचं नाई.”

“आन् अडकलो तं?”

“सपाट धोंड्यापाशी थांबाचं.”

“कोणं लिवलं?”

“मीनंच.”

“मंग?” ती म्हणाली. “घरी बसून डोक्यानं लिवलं तू. आता घाईनं खोडाले निंगाली. माह्यात नाई बाप्पा ताकद माया पोरीचं लिवलेलं मोडाची.”

प्रकाशभाऊंनी आपली पिशवी उतरवली आणि धोंड्याला टेकवली. “ठीक हाये. नियम तं माहाच हाये शेवटचा,” म्हणाले. “बायकोले मी समजावून सांगीन. एक महिना लागन.”

दोन वाजता चढावरून दगड सुटायला लागले. आधी एकदोन, मग अख्खी पिशवी उलटल्यासारखे, आणि आमची रेघ जिथून जात होती त्याच्या बाजूच्या घळीतून धूळ उठली. आईनं मुगाच्या भरड्याचं पातळ पिठलं केलं, राखीव दिवसाचं. सूर्य खिंडीआड गेला तेव्हा मी घड्याळात पाहिलं. आता अंगरूपजी उठले असतील, चपला घातल्या असतील. माझ्या हातानं लिहिलेला कागद चौकीच्या टेबलावर जात होता. पहिल्यांदा उशीर झाला होता, आणि तो मी स्वतः निवडला होता.

सोमवार

पाचला निघालो. चढ कडक होता पण थंडीनं दगड एकमेकांना धरून होते. माथ्याच्या शेवटच्या वळणावर प्रकाशभाऊ थांबले आणि हातानं खूण केली. वर धूर होता.

खिंडीच्या माथ्यावर, वाऱ्याला पाठ करून, अंगरूपजी आणि तो हवालदार बसले होते. मधे छोटा स्टोव्ह, त्यावर किटली. दोघांनी आमच्याकडं पाहिलं, आणि हवालदारानं आधी मनगटावर पाहिलं.

“ग्यारह दस,” तो म्हणाला. “दस मिनट लेट.”

मी माफी मागायला लागले, त्यांना एवढं चढावं लागलं म्हणून. हवालदारानं खिशातून माझा कागद काढला, शेवटच्या रकान्यावर अंगठा ठेवला. त्यानं सांगितलं ते असं: कागद काल संध्याकाळी आला. त्यानं वाचला. एरवी कुणी हरवलं की चार दिशांना माणसं पाठवावी लागतात, आणि हरवलेला पाचव्या दिशेला सापडतो. इथं लिहिलं होतं, अडकले तर सपाट धोंड्यापाशी. तिथून निघतील तर पाचला, माथ्यावर अकराला. “जो ऐसा लिखता है, वो वहीं बैठा होगा. तो हमने सोचा, नीचे क्यों उतरें. ऊपर चाय बना लेते हैं.” बारापर्यंत वाट पाहायची, तोवर आलो नाही तरच पलीकडं उतरायचं, असं त्यांचं ठरलं होतं. घरी फोन त्यानं केलाच नव्हता. बारा वाजल्यावर करणार होता.

हे ऐकून प्रकाशभाऊ जमिनीवरच बसले. चहा खारट होता, लोण्याचा. ते दोन कप प्यायले.

हवालदारानं आईला विचारलं, “माताजी, ये सब किसने बनाया? किसी कंपनी ने?”

आईला प्रश्न कळला. हिंदी आमच्याकडं सगळ्यांनाच येते, ती तिची तिच्या पद्धतीनं बोलते. “मेरी लडकी ने,” ती म्हणाली. “बी.ए. हाये थे. दुसऱ्याची जमीन मोजते, किसी का एक हात भी इदर-उदर नाई होने देती.” आणि मग, बहुतेक मी ऐकत आहे हे लक्षात आल्यामुळं, “नाले में चुकी. पन चुकी तं बैठी. आगे नाई गई.”

एवढं कौतुक तिनं माझ्या निकालाच्या दिवशीही केलं नव्हतं.

उतरायची वेळ झाली. मी अंगरूपजींना विचारलं, ते कोणत्या बाजूनं वर आले? त्यांच्या गावची मेंढपाळांची एक घळ आहे, ती जवळची पण त्यात दगड पडतात, म्हणून मी कागदावर ती टाळून डोंगराच्या सोंडेवरून रेघ काढली होती. लांबची पण कोरडी. मला वाटलं ते आपल्या घळीनंच आले असणार.

“आपकी लाइन से,” ते म्हणाले. “आपको ढूँढना था तो आपकी लाइन पे ही आना पड़ा. साठ साल में पहली बार इधर से चढ़ा हूँ.” त्यांनी सोंडेकडं पाहिलं. “अच्छी है. घुटने को अच्छी है.”

हवालदारानं स्टोव्ह आवरला, कागद घडी करून परत खिशात ठेवला. मी मागितला तर म्हणाला, चौकीत लागेल, दुसऱ्यांना दाखवायला. मग त्यानं हातानं सोंडेकडं इशारा केला.

“मैडम, आप आगे चलिए.”

मी पुढं झाले. मागं आई, तिच्या मागं प्रकाशभाऊ, आणि त्यांच्या मागं तिथंच जन्मलेले ते दोघं, एका ओळीत, माझ्या पावलावर पाऊल ठेवत. खाली गाव दिसत होतं, वाटाण्याची हिरवी शेतं, आणि माझे पाय आपोआप जोरात पडायला लागले.

“सावकाश चाल व,” आई मागून म्हणाली. “मागं लोक हायेत.”